उद्या विठ्ठल व्हायचंय: फीच्या पावतीत न दिसणारा शाळेचा खर्च

जळगावजवळच्या पिंप्राळ्यात शाळा जूनच्या मध्याला उघडते. वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून होतात न होतात तोच आषाढी दाराशी येते. जळगाव शहराचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, आमच्या पिंप्राळ्याचा आषाढीला. इथल्या पोरांना विठ्ठल चित्रातून समजावून सांगावा लागत नाही. रथाच्या चाकाला मोगरी लावून तो कसा आवरतात हे पहिलीतलं पोरही हातवारे करून दाखवतं. त्यामुळे शाळेची दिंडी इथे जोरात निघते आणि वर्षातला पहिला अनपेक्षित खर्चही तेव्हाच येतो. रात्री साडेआठला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडतो: ‘उद्या मुलांनी विठ्ठलाच्या व मुलींनी रुक्मिणीच्या वेशात यावे.’ मग घाईघाईने गाडी काढायची, बंद होत आलेलं दुकान गाठायचं आणि सांगतील ती किंमत मोजायची.

मी गेली तीन वर्षं दोन्ही मुलांच्या शाळेचा खर्च वहीत लिहिते. फी, पुस्तकं, गणवेश आणि रिक्षा एका पानावर, बाकी सगळं दुसऱ्या पानावर. हा लेख त्या दुसऱ्या पानाबद्दल आहे. पहिल्या पानाचा आकडा आपल्याला प्रवेश घेतानाच ठाऊक असतो, घर त्यासाठी तयार असतं. दुसऱ्या पानावरचे पन्नास, दीडशे, चारशे हे आकडे कुणी आधी सांगत नाही. ते महिन्याच्या पंचवीस तारखेला येतात आणि त्यांना नाही म्हणायचं तर समोर पोराचा चेहरा असतो.

गेल्या वर्षी तिसरीतल्या मुलीचं दुसरं पान ३,१५० रुपयांवर थांबलं. दिंडीचा वेश २३०. राखी, दहीहंडी आणि स्वातंत्र्यदिन मिळून १८०. क्रीडास्पर्धेचा रंगीत टी-शर्ट २५०. सहलीची वर्गणी ८५०, सोबतचा खाऊ आणि हातखर्च २२०. गॅदरिंगची वर्गणी ४००, पोशाख ३५०, फोटो १५०. पुठ्ठा, घोटीव कागद, रंग, गोंद असं हस्तकलेचं सामान वर्षभरात ४००. निरोप समारंभ आणि किरकोळ १२०. हे आमच्या घरचे आकडे आहेत. तुमच्या शाळेत ते कमी-जास्त असतील, पण त्यांची ठेवण बरीचशी अशीच असेल. नीट पाहिलं तर सहल आणि गॅदरिंग या दोनच गोष्टींनी १,९७० रुपये घेतले आणि दोन्ही डिसेंबर-जानेवारीतल्या. म्हणजे शंभरातले बासष्ट रुपये दोन महिन्यांत गेले, बाकीचं सगळं वर्ष उरलेल्या अडतीसांत झालं. दिवाळीचा खर्च नुकताच झालेला असतो आणि शेतीवर पोट असलेल्या घरात कापसाचा पैसा कधी हातात पडेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी हे ओझं येतं. म्हणून मी आता जूनपासून तिच्यासाठी दर महिन्याला ३०० रुपये एका वेगळ्या डब्यात टाकते. दोन मुलं असतील तर ५०० टाका. धाकट्याचा खर्च कमी असतो.

कोणत्या शाळेत काय फुकट आणि काय नाही, हे आधी पाहू. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीला फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत, दुपारचा आहार मोफत. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये ठरलेले आहेत. २०२४-२५ मध्ये साऱ्या राज्याला एकच गणवेश देण्याचा प्रयोग झाला. कापड उशिरा आलं, मापं चुकली, तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर त्या समितीच्या बैठकीला जा. सहलीचं, संमेलनाचं, बक्षिसांचं बोलणं तिथेच होतं.

खासगी शाळांसाठी महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आहे. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक पालकाने पाठ कराव्यात. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन झाला पाहिजे. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक असतो आणि तो चिठ्ठ्या टाकून निवडला जातो, मुख्याध्यापकांच्या पसंतीने नाही. आणि शुल्क या समितीसमोर मांडून ठरवायचं असतं, एकदा ठरलं की ते दोन शैक्षणिक वर्षं राहतं.

याच कायद्यात सत्र शुल्क, म्हणजे आपण टर्म फी म्हणतो ती, एका सत्राला एका महिन्याच्या शिकवणी शुल्काहून जास्त नसावी अशी मर्यादा आहे. ही टर्म फी कशासाठी असते हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. माध्यमिक शाळा संहितेत तिचा विनियोग खेळ, संमेलन, स्पर्धा, बक्षिसं अशा उपक्रमांसाठी सांगितलेला आहे. प्राथमिकच्या पावतीवरही ती ओळ असेल, तर गॅदरिंगची वेगळी वर्गणी मागितल्यावर एक साधा, नम्र प्रश्न विचारता येतो: “मॅडम, टर्म फीमधून संमेलनाला किती धरलेत आणि वर्गणी वरचा कोणता खर्च भागवण्यासाठी आहे?” मी हा प्रश्न बैठकीत विचारला तेव्हा कुणी रागावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात हिशोबाचा कागद फलकावर लागला. विचारायला मात्र मला दोन वर्षं लागली होती.

पैसे कुठे भरता याकडेही लक्ष असू द्या. शाळेच्या खात्यात भरा आणि शाळेच्या नावाची पावती घ्या. वर्गातल्याच एखाद्या पालकाकडे ग्रुपची वर्गणी जमत असेल, तर निदान किती जमले आणि किती गेले ते ग्रुपवर लिहायला सांगा. हा अविश्वास नव्हे. उलट पैसे गोळा करणाऱ्या ताईंनाच त्याने मोकळं वाटतं.

आता पुन्हा दिंडीकडे. तयार धोतर-कुर्त्याचा सेट लहान मापात साडेतीनशे ते पाचशेला पडतो, मुलींची शिवलेली नऊवारी चारशे ते सहाशेला. ड्रेपरीच्या दुकानातून भाड्याने घेतलं तर दीडशे-दोनशे आणि वर डिपॉझिट. मूल सहा महिन्यांत उंच होतं, म्हणून विकत घेणं मला तरी पटत नाही. आमच्या दिंडीचे २३० रुपये झाले ते असे: मुलीला रुक्मिणीऐवजी वारकरीण केलं. माझ्या जुन्या सुती साडीची अर्धी बाजू कापून तिला घरीच नऊवारीसारखी नेसवली. डोक्यावर तुळशीचं रोप ठेवायला प्लास्टिकची छोटी कुंडी, काचेच्या बांगड्या, गंध-बुक्का आणि टाळांची एक लहान जोडी एवढंच आणलं. टाळ पुढच्या वर्षीही चालतील. मुलासाठी पांढरा सदरा, आजोबांचं उपरणं आणि वीस-तीस रुपयांची टोपी पुरते. सगळ्यांनीच विठ्ठल-रुक्मिणी व्हायचं म्हटलं तर दिंडी कुणाची काढायची, असं आमच्या एका शिक्षिकेने नंतर ग्रुपवर लिहिलं आणि विठ्ठल-रुक्मिणीची एकच जोडी ठेवली. तिचा पोशाख शाळेनेच कपाटात जपून ठेवला आहे. प्रत्येक शाळेने असं एक कपाट करावं. वर्षानुवर्षं त्याच त्या जिजाऊ, शिवबा, सावित्रीबाई, भारतमाता लागतात. जुने पोशाख धुऊन तिथे जमा झाले की निम्मी घरं ड्रेपरीच्या पायऱ्या चढणार नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबर हलक्या हाताने जातात. शिक्षकदिनाबद्दल तेवढं सांगते. पाच सप्टेंबरला शिक्षकांसाठी सामुदायिक भेटवस्तूची वर्गणी काढू नये. मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र द्यावं. ज्यांना मुलं आवडतात त्या बाई असली पत्रं वीस-वीस वर्षं जपतात. माझी आई शाळेत शिकवायची, तिच्या ट्रंकेत अशी दोनशेतरी पत्रं होती. भेटवस्तू एकही नव्हती.

सहल

सहलीवर जास्त लिहिते, कारण एका वेळी सगळ्यांत मोठी रक्कम तिथेच जाते आणि जिवाची काळजीही तिथेच असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शासनाने सहलींचे नियम कडक केले. शिक्षण विभागाची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र, साधारण दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका बरोबर आणि प्रवास एसटीच्या बसने. संमतीपत्रावर सही करण्याआधी परवानगीचा कागद पाहायला मागा. तो शाळेकडे असतोच, दाखवायला काही अडचण नसते.

एसटीच्या बसचा आग्रह पालकांच्या फायद्याचाही आहे. शालेय सहलीसाठी प्रासंगिक करारावर बस घेतली की महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देतं. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात आधी नोंदणी करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत साऱ्या जिल्ह्याच्या शाळा एकदमच बस मागतात आणि उशीर झालेल्यांना तारीख मिळत नाही. मग ‘एसटी मिळाली नाही’ म्हणून खासगी गाडी ठरते आणि वर्गणी वाढते. पालक-शिक्षक संघाने ऑक्टोबरातच ‘बस नोंदवली का?’ एवढं विचारलं तर मुलामागे शे-दीडशे रुपये सहज वाचतात.

सहलीची रक्कम कशी तपासायची? अजिंठ्याचं उदाहरण घेऊ, जळगावकरांची ती ठरलेली जागा. अंतर एका बाजूने सुमारे साठ किलोमीटर. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे प्राथमिकच्या मुलांच्या हिशोबात लेण्यांचं प्रवेशशुल्क दिसता कामा नये, फक्त मोठ्यांचं. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी थांबते आणि तिथून लेण्यांपर्यंत दुसरी बस घ्यावी लागते. तिचं तिकीट वेगळं, ते मात्र धरावं लागेल. लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारची तारीख पाहिली तर लगेच सांगा, असा घोळ खरंच होतो. राहिलं जेवण आणि नाश्ता. समजा बसचा सवलतीनंतरचा खर्च १२,००० रुपये आला आणि ४० मुलं निघाली, तर मुलामागे ३०० झाले. मधल्या बसला, चहा-नाश्त्याला, जेवणाला आणि शिक्षकांच्या वाट्याला मिळून आणखी २०० ते २५० धरा. साडेपाचशेच्या पुढे कितीही आकडा आला तरी तो चूक आहे असं नाही. जेवण चांगल्या ठिकाणी असेल, मुलं कमी निघाली असतील. पण त्या वरच्या रकमेचं उत्तर शाळेकडे कागदावर असावं. आमच्या ८५० मध्ये रात्रीचं जेवण आणि एक बाग होती. विचारल्यावर कळलं की निम्म्या पालकांना रात्रीचं जेवण नकोच होतं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली-दुसरीच्या मुलांना बसमध्ये दीड-दोन तास बसवून लेणी दाखवण्यात फारसं हशील नाही. निम्मी पोरं जाताना उलट्या करतात, उरलेली येताना झोपतात. आमच्या धाकट्याच्या वर्गाने अर्ध्या दिवसाची सहल काढली आणि ती १८० रुपयांत झाली. जळगावच्या आसपास अशा जागांची वाण नाही. जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे, २०१२ साली उघडलेलं. तिथलं संग्रहालय लहान मुलांनाही पाहता-ऐकता येतं आणि परिसर मोकळा, सावलीचा. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. जातं, चूल, शेतीची अवजारं मुलं जवळून पाहतात. त्यांचं माहेर आसोदा तर शहराला लागूनच आहे. तिसरी-चौथीला अमळनेर न्यावं. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. एरंडोलजवळचं पद्मालय आणि चाळीसगावजवळची पाटणादेवी याही जागा चांगल्या. पाटण्याशी भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे, गणित शिकवणाऱ्या सरांना बसमध्ये सांगायला भरपूर मिळतं. पाण्याच्या जागा मात्र लहानांसाठी टाळाव्यात. पद्मालयाला गेलात तरी तळ्याकाठी मुलांना मोकळं सोडू नये.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या. दिवसभर टिकतात आणि दुकानातल्या पाकिटांचे शंभर रुपये वाचतात. हातखर्चाची रक्कम वर्गाने एक ठरवावी, पन्नास म्हणजे पन्नास. एका मुलाकडे पाचशेची नोट आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, असं झालं की सहलीचा आनंद खेळण्यांच्या गाडीपाशीच संपतो. आणि जी मुलं सहलीला येणार नाहीत त्यांची त्या दिवशी शाळा कुठे, कोणाजवळ, काय शिकणार, हे आधी ठरवून घ्या.

गॅदरिंग

गॅदरिंगचा खर्च दोन खिशांतून जातो. शाळेचा खर्च म्हणजे मंडप किंवा नाट्यगृहाचं भाडं, साऊंड, लाइट, गाण्यांचं कटिंग, नाच बसवायला बाहेरून आलेले सर, पाहुण्यांचा सत्कार, बक्षिसं, फ्लेक्स. समजा तीनशे मुलांकडून चारशे घेतले, तर १,२०,००० रुपये जमतात. शाळेच्या मैदानावर, दिवसाउजेडी केलेला कार्यक्रम यापेक्षा खूप कमी पैशांत होतो. संध्याकाळी लाइटमध्ये मुलं छान दिसतात हे खरं. पण जानेवारीतल्या जळगावच्या थंडीत बिनबाह्यांच्या पोशाखात रात्री नऊपर्यंत मंचामागे कुडकुडणारी बालवाडीची मुलं मी पाहिली आहेत. शाळेने दुपारची वेळ ठेवावी, असा माझा दरवर्षीचा आग्रह असतो.

दुसरा खिसा पोशाखाचा. इथे शिक्षकांनी गाणं निवडतानाच विचार केला तर सगळ्यांची सोय होते. शेतकरी गीत घेतलं तर घरातलं धोतर-फेटा चालतो, कोळीगीत घेतलं तर साड्या घरात असतात, अहिराणी गाणं घेतलं तर आज्याच खूश होऊन नऊवाऱ्या काढून देतात. चमचमत्या सिनेमाच्या गाण्याला मात्र तसाच पोशाख लागतो आणि तो भाड्याचाच. बारा मुलांचा गट असेल तर बारा पालकांनी वेगवेगळे दुकानात जाऊ नये. एकाने जावं, बाराही पोशाखांचा एकत्र भाव ठरवावा. आमच्या गटाला सुटा भाव ४५० होता, एकत्र घेतल्यावर ३५० झाला.

भाड्याचा पोशाख घेताना डिपॉझिटची पावती घ्याच. पोशाख दुकानातच उलगडून हूक, चेन, मोती, कंबरपट्टा बघा आणि तुटकं काही असेल तर पावतीवर लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. मुलगी पहिलीत असताना मी हे केलं नव्हतं. कंबरपट्ट्याचा हूक आधीच मोडलेला होता, तो आमच्या नावावर पडला आणि डिपॉझिटमधून दीडशे रुपये कापले गेले. परत देण्याची वेळ विचारून ठेवा. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं. आणि पोशाखाच्या आत सुती बनियन घाला. जरीच्या कापडाने कोवळ्या अंगावर पुरळ येतं आणि आधी तो पोशाख किती जणांनी घातला हे कुणाला ठाऊक?

फोटोंचं म्हणाल तर फ्रेम केलेला फोटो घेतलाच पाहिजे असं बंधन नसतं. व्हिडिओची लिंक सगळ्यांना एकच पुरते.

मंचावर कोण जातं, हा पैशाहून मोठा प्रश्न आहे. पोशाख परवडत नाही म्हणून ‘आमच्या पोराला नाचात घेऊ नका’ असं एखादी आई हळूच सांगून जाते आणि पोर प्रेक्षकांत बसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलं आहे की, ज्यामुळे मुलाचं शिक्षण अडेल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना अभ्यासेतर उपक्रमांत आणि खेळांत वेगळं वागवू नये, असं या कायद्याच्या नियमांतही आहे. पण नियम हातात घेऊन शाळेत जाण्याची ताकद त्या आईजवळ नसते. ते काम तुम्ही-आम्ही करायचं. आमच्या वर्गात आता दर दहा मुलांमागे एकाचा जास्तीचा वाटा धरून रक्कम ठरते. तो वाटा कोणासाठी वापरला हे वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक यांच्याखेरीज कुणाला कळत नाही. ८५० ची सहल त्यामुळे ९३५ ची होते. पंच्याऐंशी रुपयांबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

हाच प्रश्न श्रीमंत देशांतही आहे. स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळेचं वर्ष आपल्यासारखंच उपक्रमांनी भरलेलं असतं. २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनी मुलं त्याच्या कविता म्हणतात, मार्चमध्ये पुस्तकदिनाला पुस्तकातल्या पात्रांचे वेश करून येतात, नाताळाचा बाजार भरतो, सातवीला मुक्कामी सहल निघते. तिथे ‘चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप’ या संस्थेने ग्लासगो शहरात ‘शाळेच्या दिवसाची किंमत’ नावाचं काम हाती घेतलं आणि शाळेत जायला खरोखर किती पैसे लागतात हे थेट मुलांनाच विचारलं. गणवेश, सहल, मौजेचे दिवस अशी एकेक गोष्ट घेऊन शाळांनी स्वतःचे खर्च तपासायला सुरुवात केली. काही शाळांनी विकतच्या वेशाऐवजी मुलांकडून बटाट्यावर पुस्तकातलं पात्र रंगवून घेतलं. आमच्या कपाटातला विठ्ठल आणि त्यांचा बटाटा यांत मला फार अंतर वाटत नाही. गरजू घरांना तिथे सरकारकडून कपड्यांसाठी अनुदानही मिळतं, प्राथमिकच्या मुलाला वर्षाला किमान १२० पौंड असं २०२१ पासून ठरलं होतं.

सगळ्या उपक्रमांत मला आवडतो तो आनंद मेळावा, कारण तिथे मूल पैसे खर्च करत नाही, कमावतं. आमच्या मुलीने भरीत-पुरी ठेवली. थंडीच्या दिवसांत आपल्याकडची हिरवी, पांढरट काट्याची भरताची वांगी स्वस्त असतात. शेजारच्या काकांनी पऱ्हाटीवर भाजून दिली. वांग्यांना १२०, कणीक आणि तेलाला १४०, द्रोण-चमच्यांना ५०, मिरची-लसूण-कोथिंबिरीला ३०, असे ३४० गेले. दहा रुपयांना एक द्रोण, एकेचाळीस द्रोण खपले, ४१० आले. सत्तर रुपये नफा तिने स्वतः वहीत मांडला आणि ‘काकांची मजुरी धरलीच नाही, मम्मी’ हेही स्वतःच म्हणाली. भाजणं-तळणं घरीच करून न्यावं, शाळेत गॅस पेटवू देऊ नये. भांडवलाला वर्गाने वरची मर्यादा घालावी, नाहीतर कुणी केकवाल्याला ऑर्डर देतं आणि मेळाव्याचा अर्थच जातो.

तक्रार करायची वेळ आली तर आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. तिथेही नाही सुटलं तर लेखी अर्ज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तिच्यावर पोचेचा शिक्का घ्या. प्रवेशाच्या वेळी देणगी मागणं तर गुन्हाच आहे. त्यासाठी राज्याचा १९८७ चा वेगळा कायदा आहे आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ आहे.

पण बहुतेक ठिकाणी गोष्ट इतकी ताणत नाही. जूनच्या पहिल्या पालक सभेत एकच मागणी करा: वर्षभराच्या उपक्रमांचं एक पानी वेळापत्रक, तारीख किंवा निदान महिना, अंदाजे खर्च, आणि वेश लागणार असेल तर पंधरा दिवस आधी निरोप. आम्ही मागितलं तेव्हा मुख्याध्यापकांनी ते तिथल्या तिथे फळ्यावर लिहून दाखवलं. त्यांच्या डोक्यात ते होतंच, कुणी विचारलं नव्हतं. २०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. शाळा उघडल्यापासून साडेपाच आठवडे हातात मिळतात. आजोबांचं उपरणं धुऊन ठेवायला आणि कुंडीत तुळशीचं बी पेरायला तेवढे पुरेत.